पाटलाच्या अंगणातलं खळं

गोजरबाईच्या खळ्यावर विजेचं सबस्टेशन उभं राहिलं, तेव्हापासून उत्तमराव पाटलाचं नाव निघालं की ती थुंकायची. सासऱ्यानं शेणानं सारवून, बैलांच्या खुरांखाली घट्ट केलेलं खळं ते. नागपूरची मंजुरी आली अन् कंपनीच्या सायबाला जागा दाखवायला पाटील निघाला. विजेचा तो गुरगुरणारा डबा आपल्या घराशेजारी आला तर गाई आटतील, असं त्याच्या डोक्यात बसलेलं. मागंपुढं कोणी नसलेल्या बाईच्या खळ्याकडं बोट करून तो खुशाल म्हणाला, "पडीक हाय."

माघात पाटलाच्या पोरीचं, कोकिळेचं लग्न निघालं. पिंपळगाव राजाहून येणारी वरात, विजेच्या दिव्यांचा मांडव, अशी फुशारकी गावभर झाली. दिवे लावून पाहिले, तर विझत्या निखाऱ्यासारखे लाल. पाटलानं वायरमन कडूबाला धारेवर धरलं.

"खामगावाहून येते ते जबर वीज, पाटील," कडूबा म्हणाला. "डब्यात तिले लहान करून घरोघरी सोडतो. लहान झाली का लांबवर जाता जाता तिचा दम सरते. तार गावाले वळसा घालून तुमच्याकडं येऊन राह्यली. गोजरबाईच्या वावराच्या धुऱ्यावरून, बांधाबांधानं सरळ नेली तं लख्ख उजेड पडंन."

पाटील तिच्या वावरात गेला. ती ज्वारीची कणसं खुडत होती.

"गोजरबाई, धुऱ्यावर खांब रोवू दे. पोरीचं लग्न हाय."

"रोवा ना. पर माही जवारी मळायची पडली हाय. खळं तं तुमी विजेले देल्लं. मले तुमचं अंगण पाह्यजे."

"अवं, तिथं मांडव हाय. लग्न होऊ दे, मंग कर."

"मंग नाई. वरातीसमोरच. नाई तं बसा अंधारात."

पाटलानं दात खाल्ले अन् मान डोलवली.

वरात आली त्या सांजेला मांडवात दिवसासारखा उजेड होता. बाजूला गोजरबाईचे बैल उभे. मळणीला बैल ज्याभोवती फिरतात त्या खांबाचा, मेढीचा खड्डा घरधन्यानं खणायची रीत. तिनं पाटलाच्या हाती पहार दिली.

"घर तुमचं. खणा."

जरीचा फेटा बांधलेला पाटील सगळ्यांदेखत खणू लागला. मग बैल फिरले, अन् ज्वारी उफणायला तिनं तिवईवर चढून सूप उचललं. वारं मांडवाकडं होतं. कोंडा वऱ्हाड्यांच्या पागोट्यांवर बसू लागला. तिला लई दिवसांनी गार वाटलं.

व्याही खवळून उठला. "उत्तमराव, हे काय चाललं?"

गोजरबाईनं सूप न थांबवता वरून सांगितलं,

"काई नाई, याहीबोवा. जागा पडीक होती."