चिकटवलेली दोन पानं

घशाच्या शस्त्रक्रियेनंतर आईचा आवाज गेला. शेवटचे दोन महिने ती दादाच्या घरी, धाकटीच्या शाळेच्या जुन्या वहीत लिहून बोलली. त्या वहीतली दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटवलेली होती. "आईनंच चिकटवली, पिठाची खळ लावून. कुणी वाचू नये असं वाटलं असेल तिला," दादा म्हणाला होता. आपल्याविषयीच काहीतरी वाईट असणार, ही सल धाकटीनं तीन वर्षं सोसली.

चिकटलेले कागद सोडवणं हेच तिचं काम. अखेर तिनं वही ग्रंथालयाच्या दुरुस्ती खोलीत आणली आणि दादालाही समोर बसवलं. पानांच्या कडेला एन्झाइमची जेल लावली. हे एन्झाइम भलतंच हेकट. त्याच्या अंगावर एक खाच असते. खळीतला स्टार्च म्हणजे साखरेच्या कणांची साखळी; ती या खाचेत बसली की तुटते, तुकडे सुटतात आणि खाच पुढच्या साखळीला मोकळी. स्वतः जसंच्या तसं. कागदही त्याच साखरेचा, पण जोडणी वेगळी, म्हणून त्या खाचेत बसत नाही आणि शाबूत राहतो.

अर्धा तास झाला तरी पानं ढिम्म. जेलच जुनी झाली की काय? वहीच्या पुठ्ठ्यावरची नावाची चिठ्ठी आईनं धाकटीच्या देखत खळीनं लावली होती. धाकटीनं त्या चिठ्ठीवर जेल लावली. दहा मिनिटांत चिठ्ठी अलगद सुटून आली.

म्हणजे पानांत खळ नव्हतीच. मग तो दुकानातला पांढरा गोंदच असणार, आणि आईनं तो जन्मात कधी वापरला नव्हता. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दादा, हे तू चिकटवलंस."

"काहीतरीच काय!"

"खोटं बोलू नकोस. काय लिहिलंय आत?"

"जाऊ दे ना आता. गेली ती."

"काय लिहिलंय?"

"तुला बोलाव म्हणून. दोन्ही पानांवर तेवढंच."

"मी फोन केला की 'आई बरी आहे, झोपलीय' म्हणायचास!"

"तू आलीस की तिच्यासमोर माझ्या चुका काढायचीस. नको वाटायचं मला."

"आणि तिला काय सांगितलंस?"

"तू नाही म्हणालीस, असं."

"ते खरं धरून गेली ती?"

दादानं होकारार्थी मान हलवली.

"नीघ! पुन्हा तोंड दाखवू नकोस मला."

तो गेल्यावर तिनं दार आपटलं. गोंद सोडवायच्या द्रवाची बाटली कपाटातच होती. पण संतापाच्या भरात तिला झाकणच उघडेना.