आरशाला लावलेलं गंध

सहाणेवर चंदनाचं खोड फिरू लागलं की आमच्या घरी उजाडत असे. ओलसर, खरखरीत, सावकाश असा तो नाद स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या आवाजाखालून वाट काढीत अंथरुणापर्यंत यायचा आणि त्यामागोमाग चंदनाचा थंड वास यायचा. आम्ही दोघी मायलेकी तो नाद ऐकत असू. ज्यांच्या हातून तो निघे त्या माझ्या वडिलांना, आबांना, तो ऐकू येत नसे. आपण गंध उगाळताना काही आवाज होतो हे त्यांना ठाऊक तरी होतं की नाही, कोण जाणे.

आबांचे कान गिरणीनं नेले. लालबागच्या गिरणीत ते साचेवाले होते. साचा म्हणजे माग, आणि साचेखातं म्हणजे असे असंख्य माग एकाच छपराखाली एकाच वेळी धडधडत असलेली जागा. त्या गडगडाटात माणसाचा आवाज कुणाच्या कामाचा नव्हता, म्हणून तिथल्या माणसांनी ओठांची आणि बोटांची एक निःशब्द भाषा घडवली होती. मिशीवरून बोट फिरवलं की मुकादम येतोय. दोन बोटं एकमेकांपासून दूर केली की धागा तुटला, आणि तीच बोटं चिमटीत मिटली की जोडला. आबा ती भाषा घरी घेऊन आले आणि पुढे आयुष्यभर तीच बोलले. आईवर रुसले तर दोन बोटं फाकवीत आणि चहाचा कप पुढ्यात आला की चिमूट मिटवीत. आई म्हणायची, "ह्या माणसाशी भांडूचा तरी कसा? तोंड फिरवल्यान काय संपला भांडण!" समोरच्याचे ओठ दिसले तरच आबांना बोलणं कळे. त्यामुळे आमच्या घरात पाठमोरं कुणी बोलत नसे. बोलायचं तर तोंडासमोर येऊन. ही सवय इतकी अंगात मुरली आहे की आजही फोनवर बोलताना मी समोर कुणीतरी असल्यासारखी मान वर करते.

दसऱ्याला मात्र आबांचं खरं रूप दिसे. त्या दिवशी साच्यांची पूजा व्हायची. झेंडूच्या माळा, पानांची तोरणं, आणि प्रत्येक साचेवाला आपापल्या साच्याला अनामिकेनं गंध लावायचा. घरून उगाळून नेलेलं गंध वाटीत झाकून आबा निघत तेव्हा त्यांच्या चालीत नवरदेवाचा डौल असे. पण त्यांच्या लेखी ती पूजा त्या दिवशी अर्धीच होई. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पाळीला जाऊन, मांजरपाटाच्या मऊ फडक्यानं ते सगळं गंधकुंकू निपटून पुसायचं, कारण कोऱ्या कापडावर कुंकवाचा ठिपका उमटला तर अख्खा ताका वाया. "पुसल्याशिवाय साचो चालाचो नाय," असं ते सांगत. देवाला लावलेलं पुसू नये असं आई म्हणे, त्यावर आबा हसून म्हणत, "देव बसान ऱ्हवता. साच्याक काम आसता."

मग तो संप आला. पहिले काही महिने चाळीत उमेद होती, नंतर नुसती वाट पाहणं उरलं, आणि त्या वर्षीच्या दसऱ्याला गिरणीच्या दारावर कुलूप होतं. आबांनी नेमानं गंध उगाळलं. मी शाळकरी होते, त्यांचं बोट धरून गेले. साच्यापर्यंत हात पोहोचणार नव्हता, तेव्हा आबांनी हात पोहोचेल तिथे, त्या लठ्ठ काळ्या कुलपाला, गंध लावलं आणि डोळे मिटून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा गेले आणि फडक्यानं कुलूप पुसून आले. कुलूप उघडलं नाही. ते कधीच उघडलं नाही म्हणा ना. उघडलं तेव्हा आत भंगारवाले शिरले. पण आपल्या बाजूनं पूजा पुरी झाली, एवढं समाधान आबांच्या चेहऱ्यावर होतं, आणि मला त्या वयातही त्या चेहऱ्याचा फार अभिमान वाटला होता.

कापड विणणारे हात पुढे ठाकूरद्वारच्या एका लाँड्रीत कापडाच्या घड्या घालू लागले. दिवसभर इस्त्री. कुणाचा सदरा हाती आला की आबा आधी त्याचं पोत दोन बोटांत धरून पाहत, विणकाम पसंत पडलं नाही तर नाक मुरडत, आणि मग त्याच तुच्छ कापडाची अशी देखणी घडी घालत की गिऱ्हाइकाला ती मोडवत नसे. आमच्या घरातले टॉवेल, पोळ्यांचं फडकं, माझे शाळेचे रुमाल, सगळं काही कडेला कड मिळवून चौकोनात बसलेलं असे.

माझ्या नोकरीची वर्षं सरत आली तेव्हा मी गाडी घेतली. आई तोवर गेली होती आणि आबा परळला माझ्याकडे राहायला आले होते. गाडी पाहून ते लहान मुलासारखे हरखले, पण पुढच्या सीटवर बसेनात. "माका फुडे बसव नको गो बाय," ते म्हणाले, "फुडे बसलंय काय माझोच पाय ब्रेक दाबता." ऐटीत मागे बसले, तेही बरोबर मधोमध. मला वाटलं, म्हातारा साहेब झाला! चार-दोन फेऱ्यांनंतर खरं कारण उमगलं. पुढे बसून त्यांना माझी एकच बाजू दिसली असती. मागे मधोमध बसलं की समोरच्या आरशात माझा चेहरा दिसे, आणि मी मान जराशी उंचावली की ओठही दिसत. आम्हा बापलेकीचं गाडीतलं सगळं बोलणं त्या वीतभर आरशात होई.

रविवारी सकाळी आम्ही ठाकूरद्वारला निघायचो, लाँड्रीच्या बाकड्यावर त्यांना तासभर बसायचं असे. लालबागला गिरणीच्या जागी उभा राहिलेला काचेचा मनोरा जवळ आला की आबांना हमखास काहीतरी विचारायचं सुचे. आज भाजी काय, तुझ्या ऑफिसातली ती बाई परत आली का, असलं काहीही. म्हणजे मी उत्तर देणार, आणि ते माझ्या ओठांकडे बघणार, आणि तोवर मनोरा मागे पडणार. मीही जरा लांबण लावून उत्तरं देत असे. सिग्नल सुटला की आरशात त्यांची चिमूट मिटलेली दिसायची: धागा जोडला, चल.

एकदा काळोख पडता पडता परतताना मागच्या गाडीचे दिवे आरशावर आले आणि आरसा आपसूक काळसर झाला. आबांनी खांद्यावर थोपटून विचारलं, "हो आरसो काळो कसो झालो?" गाडी थांबवून मी त्यांना समजावलं. ह्याला दोन बारके डोळे आहेत, एक आपल्याकडे बघणारा आणि एक त्याच्या पाठीवर, समोरच्या काचेतून बाहेर बघणारा. बाहेर अंधार आहे असं त्या डोळ्याला दिसलं आणि मागून दिव्यांचा झोत आला, की हा स्वतः मंद होतो, चालवणाऱ्याचे डोळे दिपू नयेत म्हणून. आबा कितीतरी वेळ आरशाकडे बघत राहिले. यंत्राविषयीचा तो जुना आदर त्यांच्या मुद्रेवर मी फार वर्षांनी पाहत होते. "म्हंजे आपल्यासाठी तो डोळे मिटता," ते म्हणाले, "शाणो आसा हो."

त्यानंतरच्या दसऱ्याला त्यांनी गाडीची पूजा केली. दरवर्षीच करत. बॉनेटला, चाकांना, स्टिअरिंगला गंध. आरशाला झेंडूची छोटी माळ. त्या खेपेस ते पुढच्या सीटवर गुडघा टेकून बराच वेळ काहीतरी करत होते, मी प्रसादाच्या गडबडीत लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पुसायला ते खाली उतरलेच नाहीत. सकाळी उठले ते छातीत कळ घेऊन. मग दवाखान्याच्या फेऱ्या, आणि दिवाळीचे कंदील लागायच्या आत आबा गेले.

आरसा काळा झालाय हे कळायलाही मला वेळ लागला. त्या दिवसांत सगळंच धूसर दिसे, मी दोष माझ्या डोळ्यांना दिला. हळूहळू ध्यानात आलं की भर दुपारीही आरशात संध्याकाळच आहे. मागची सीट, मागचा रस्ता, मागची माणसं, सगळी शाई सांडल्यागत. गंमत अशी की गाडी रिव्हर्समध्ये टाकली की तो लख्ख व्हायचा. मागे जाताना स्वच्छ आणि पुढे निघालं की पुन्हा अंधार. कंपनीच्या दुकानातल्या माणसानं सांगितलं, आरसा गेलाय, आख्खा बदलावा लागेल. नवा आरसा मी आणलाही. पण तो खोक्यातच पडून राहिला, कारण मला तो बसवायचा नव्हता. ज्या काचेत आबा माझ्याशी बोलले ती काच उतरवून कुणाच्या तरी भंगाराच्या पेटीत टाकायची, हे माझ्याच्यानं होईना. बाजूच्या आरशांवर भागवत मी गाडी हाकत राहिले. मग एकदा वळणावर मागून आलेला मोटरसायकलवाला मला दिसलाच नाही, थोडक्यात वाचला. तेव्हा मात्र खोकं उचललं आणि चिंचपोकळीला नंदूच्या गॅरेजात गेले. नंदू आमच्या गाडीचं सगळं करतो, आबांनाही ओळखायचा.

"जुना मला हवाय," मी आधीच बजावलं. "जपून काढ."

"फेकत नाय ताई, तुमच्याच हातात देतो," तो म्हणाला. त्यानं आरसा काचेवरून सोडवला आणि पालथाच माझ्या तळहातावर ठेवला.

चालवणाऱ्याला आरशाची पाठ कधी दिसत नाही. मी ती प्रथमच पाहत होते. पाठीवरच्या त्या इवल्याशा डोळ्यावर, नेमका त्याच्यावर, वाळलेलं गंध होतं. पिवळसर, कडेला किंचित उललेलं, मधोमध कुंकवाचा कण, आणि त्यात अनामिकेच्या टोकाच्या बारीक रेषा.

नंदूनं वाकून पाहिलं. "आयला! सेन्सरच झाकलाय की. ताई, ह्याला वाटतंय बाहेर चोवीस तास रात्रच आहे. मागून जरा उजेड आला की हेडलाइट समजून काळा पडतोय. रिव्हर्स टाकलं की तेवढा साफ होतो, ती कंपनीनंच केलेली सोय असते. आरशाला काय झालेलंच नाय." मग माझ्याकडे बघून त्यानं आवाज खाली आणला. "आबांनी लावलेलं काय?"

मी मान हलवली.

"मग असं करूया," तो म्हणाला. "नवा आणलाय तो लावतो. हा असाच घरी न्या. पुसला तर गेलं ना ते."

मला तेच करायचं होतं. खरं सांगते, मनानं मी तो आरसा देवघरात, आईच्या तसबिरीशेजारी ठेवूनही दिला होता. आबांच्या बोटाचा एवढा तरी ठसा जगात उरलाय, तो मी माझ्या हातानं का मिटवू? मी आरसा पदराखाली धरून मागच्या सीटवर जाऊन बसले, मधोमध, त्यांच्या जागी. समोरच्या सीटच्या पाठीला जो कप्पा असतो त्यात काहीतरी पांढरं दिसलं म्हणून ओढून काढलं. मांजरपाटाचं फडकं होतं. कडेला कड मिळवून घातलेली चौकोनी घडी, अजून न मोडलेली. दसऱ्याच्या दिवशीच त्यांनी ते दुसऱ्या सकाळसाठी तिथे ठेवलं होतं.

बंद दाराचं ते काळं कुलूप मला आठवलं. जे कधी उघडणार नव्हतं तेही त्यांनी वेळेवर जाऊन पुसलं होतं, आणि इथे त्यांचं एक चांगलं, शहाणं यंत्र त्यांच्याच गंधापायी आंधळं होऊन बसलं होतं. आबांना हे कळतं तर ते किती ओशाळले असते! पूजा अर्धी राहिली होती आणि ती पुरी करायला माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

मी बाटलीतल्या पाण्यानं फडक्याचं टोक भिजवलं. ओल लागताच चंदनाचा वास उठला, त्या ऑइलच्या आणि ग्रीसच्या दर्पात, थेट आमच्या जुन्या खोलीतल्या सकाळीसारखा. थोडा वेळ मी फडकं तसंच टेकवून ठेवलं आणि रडले. नंदू कामाचं निमित्त काढून बाहेर गेला. मग आबा पुसत तसं, कडेकडेनं, घाई न करता, मी ते गंध पुसून काढलं.

नंदूनं आरसा परत बसवला, खोकं माझ्या स्वाधीन केलं. मी गाडी रिव्हर्समध्ये घेऊन गॅरेजबाहेर काढली, मग गिअर बदलून पुढे निघाले. आरसा लख्खच राहिला. मागची काच, रस्त्यावरचं ऊन, सीटवर आबांसाठी अंथरलेला पांढरा टॉवेल, सगळं जिथल्या तिथे, आणि मधोमध कुणी नाही. इतके दिवस काळोखानं माझ्यापासून लपवून ठेवलेली ती रिकामी जागा मी पहिल्यांदाच नीट पाहिली. शाणो आसा हो. माझ्यासाठी इतके दिवस तो डोळे मिटून होता.

लालबागला मनोरा आला तेव्हा मान आपोआप उंचावली आणि आवाज न करता, नुसत्या ओठांनी मी म्हटलं, "आबा, पुसलंय." सिग्नल सुटला, आणि स्टिअरिंगवरच्या माझ्याच उजव्या हाताची दोन बोटं चिमटीत मिटली. माणूस जातो आणि काळ त्याची जागा आपल्याला रिकामी करून दाखवतो; पण त्याच्याशी बोलण्याची सवय मागे मधोमध तशीच बसून राहते, आपल्या ओठांकडे बघत.