दोन पिंपं पाणी आणि खालचा आकडा

मित्रांनो, मी एक जुनी कॅरव्हॅन आहे, आणि या घडीला माझ्या पोटात एकोणीस कोंबड्या शिटत आहेत.

जिथे बेरिल फुलाफुलांची चादर अंथरायची, तिथे आता ओला पेंढा सडतो. जिथे विल्फचा चष्मा असायचा, त्या फळीवर एक लंगडी कोंबडी बसते आणि तिथेच घाण करते. वासाने माझ्या भिंतीसुद्धा अंग चोरतात. पण खरं सांगू? मला सगळ्यात जास्त किळस कोंबड्यांची येत नाही. त्या बिचाऱ्या, पोटात आलं ते खाली टाकतात. मला किळस येते ती एका लाल गाडीची, आणि तिच्यावर भाळलेल्या माणसाची.

मला स्वतःचं इंजिन नाही. मी चाकांवरचं घर आहे. कुणीतरी पुढे व्हावं तेव्हा मी मागे निघते. हल शहराबाहेरच्या एका शेडमध्ये माझा जन्म झाला. पत्रा ठोकला, लाकडी कपाटं बसवली, निळे पडदे लावले, आणि शेवटी दाराशेजारी एक छोटी पाटी मारली. तिच्यावर दोन आकडे होते. वरचा सांगतो की रिकामी असताना माझं वजन नऊशे वीस किलो आहे. खालचा सांगतो की सामान भरल्यावर अकराशे पन्नासच्या वर मला जाऊ देऊ नका. मित्रांनो, माणसाच्या कपाळावर काय लिहिलंय ते कुणाला वाचता येत नाही. माझ्या कपाळावरचं कुणालाही वाचता येतं, तरी कुणी वाचत नाही.

यॉर्कशायरमधल्या हॅलिफॅक्सच्या विल्फ सग्डनने मला घरी आणलं. विल्फ गालिच्याच्या गिरणीत कामाला होता, आणि त्याची बायको बेरिल शाळेच्या स्वयंपाकघरात. दरवर्षी जूनमध्ये दोन आठवडे आम्ही समुद्रकाठी मेबलथॉर्पला जायचो. मला ओढायची बेस. बेस म्हणजे त्यांची तपकिरी, लांब पाठीची गाडी. दिसायला म्हैस, चालायला संथ, पण वजनाला पक्की. चढावर ती धापा टाकायची, उतारावर मात्र माझा हात कधी सोडायची नाही. माझी चाकं तिच्यामागे गुणगुणायची:

पुढं चाले माझी सखी, तिची पाठ रुंद थोर,
तिच्यामागं मी निवांत, जशी आईमागं पोर.

आता बेरिलच्या पाण्याबद्दल सांगायला हवं. मेबलथॉर्पचं पाणी खडूच्या टेकड्यांतून झिरपत येतं. त्याचा चहा केला की वर करडा तवंग धरतो आणि कपाला आतून कडं बसतं. पहिल्याच वर्षी बेरिलने एक घोट घेतला आणि तो गवतावर थुंकला.

"हा चहा आहे? ही भांडी विसळलेली आहेत!"

तेव्हापासून घरच्या नळाच्या पाण्याची दोन मोठी पिंपं आमच्याबरोबर निघू लागली. दोन्ही मिळून ऐंशी लिटर. शेजारीपाजारी हसायचे, की समुद्राला जाताना पाणी घेऊन जातात! पण यॉर्कशायरच्या माणसाला चहाबद्दल कुणी शिकवू नये. ती पिंपं बेसच्या लांब पाठीत बसायची. माझ्यावर त्यांचा भार कधी आला नाही, म्हणून मीही त्यांना हसायची.

एकवीस वर्षं गेली. एका मे महिन्यात मेकॅनिक सेथने बेसच्या पोटाखाली डोकं घातलं आणि काळं तोंड घेऊन बाहेर आला.

"विल्फ, तळ गंजलाय. बोट लावलं की आरपार जातं. हिला आता रस्त्यावर काढू नकोस."

बेसला ट्रकवर चढवून नेलं. तिच्या पोटातून तेलाचे थेंब गळत गेले. वळणापर्यंत मी ते मोजले.

जून तोंडावर आला होता. मला ओढणार कोण, हा एकच प्रश्न त्या घरात चहाबरोबर उकळत होता. आणि तो प्रश्न साधा नव्हता, मित्रांनो. माझ्यापुढे कोण जुंपलं जातं, त्यावर पुढच्या सीटवरच्या दोघांचा जीव असतो.

सेथने एक करडी गाडी दारात आणून उभी केली. लांब, चौकोनी, बंबासारखी जड. आधी ती एका मेंढपाळाची होती. विल्फने दार उघडलं आणि नाक धरलं.

"श्शी! यात कुत्रा मेला होता का?"

"मेला नाही, जगला. चौदा वर्षं," सेथ म्हणाला. "वास सोड, वजन बघ. पंधराशे किलो आहे. हिशेब सोपा आहे: गाडी शंभर किलो, तर मागचं ओझं पंच्याऐंशीच्या आत. भरल्या सामानासकट. मग मागच्या शेपटाने पुढच्या कुत्र्याला हलवायची वेळ येत नाही."

"वास धुता येतो," बेरिल म्हणाली. "मला ही आवडली. बेसची बहीण वाटते."

सगळं जुळत आलं होतं. तेवढ्यात कुंपणावरून शेजारच्या केनेथने मान काढली. हा केनेथ म्हणजे दुसऱ्याच्या ताटात बोट घालून चव सांगणारा माणूस.

"काय विल्फ, मढं न्यायची गाडी घेतोस? इतक्यात तयारी?"

झालं. विल्फचे कान लाल झाले. ती करडी गाडी आली तशी परत गेली.

दुसऱ्या दिवशी लाल गाडी आली. उंच, गोल, मोठाली चाकं लावलेली, जणू जंगल तुडवून आली आहे. पण मी तिला पाहताक्षणी ओळखलं. आतून भोपळा! आरशाला टांगलेल्या, अत्तर मारलेल्या कागदी झाडाचा गोडगोड वास दारातून ओघळत होता. माझ्या संडासाची बादली तीन दिवस भरून राहिली तरी मला कधी तशी मळमळ झाली नव्हती. बादलीचा वास निदान खरं बोलतो.

गाडी विकणाऱ्याच्या केसांना तेल आणि जिभेला लोणी होतं. त्याने माझ्या अंगावर थाप मारली.

"ही? हिला तर ही पिसासारखी नेईल, साहेब. गाडी अकराशे ऐंशी किलो. तुमची कॅरव्हॅन किती?"

विल्फ वाकला, पाटी पुसली आणि वरचा आकडा वाचला. "नऊशे वीस."

"मग काय! पंच्याऐंशी टक्के म्हणजे हजारावर तीन. अजून जागा उरली."

"त्याच्याखाली पण काहीतरी लिहिलंय," बेरिल म्हणाली. "थांबा, मी चष्मा आणते."

"ते कारखान्याचं काहीतरी असतं, बाईसाहेब."

ती चष्मा घेऊन आली तोवर विल्फ लाल गाडीत बसून काचा वरखाली करत होता, साठी उलटलेला माणूस, जत्रेतल्या लाकडी घोड्यावर बसल्यासारखा. बेरिलने चष्मा पुन्हा खिशात घातला. तिचाही मला राग आला. पण थोडाच.

जूनमध्ये निघायच्या सकाळी पिंपं बाहेर आली आणि घोटाळा कळला. लाल गाडीची पाठ तिरपी. एकही पिंप आत जाईना.

"पाणी राहू दे या वर्षी," बेरिल म्हणाली.

"आणि दोन आठवडे तुझं तोंड बघत बसू? कॅरव्हॅनमध्ये ठेवतो. मागे, कोपऱ्यात."

त्याने दोन्ही पिंपं माझ्या अगदी शेवटच्या टोकाला ठेवली. वर तंबू, डबे, खुर्च्या. मित्रांनो, आम्हा कॅरव्हॅनांचं नाक थोडं जड असावं लागतं. पुढच्या गाडीच्या हुकावर ते असं टेकायला हवं, जसा आंधळ्याचा हात वाट दाखवणाऱ्याच्या खांद्यावर टेकतो. मागे भार गेला की नाक हलकं होतं आणि तो हात सुटतो. विल्फने माझं नाक उचललं आणि त्याला आनंद झाला.

"बघ गं, एका हाताने! बेसच्या वेळी कंबर मोडायची."

"शाब्बास रे पठ्ठ्या!" केनेथ कुंपणावरून ओरडला.

मी ओरडू शकत असते तर त्या दिवशी ओरडले असते.

सपाट रस्त्यावर मी दोनदा डुलले. "हे काय होतंय?" बेरिलने विचारलं. विल्फ म्हणाला, "वारा आहे." झाडाचं पान हलत नव्हतं.

"विल्फ, हळू चालव. मला मेबलथॉर्पला जायचंय, देवाघरी नाही."

मग लिंकनशायरच्या टेकड्या आल्या आणि लांब उतार लागला. कोबीने भरलेला एक ट्रक आम्हाला ओलांडून गेला. त्याच्या वाऱ्याने मला आधी आत ओढलं, मग बाहेर ढकललं. माझी शेपटी डावीकडे गेली, उजवीकडे आली, पुन्हा डावीकडे, प्रत्येक वेळी जास्त. पुढची लाल भवानी माझ्या भरल्या ओझ्याच्या मानाने हलकी. ती मला काय धरणार? मीच तिला मानगुटीला धरून झटकत होते. मला माझीच शिसारी आली.

"पाय काढ! ब्रेकवरचा पाय काढ!" बेरिल किंचाळली.

विल्फने ब्रेक आणखी जोरात दाबला.

आभाळ खाली आलं, गवत वर गेलं. उठले तेव्हा, म्हणजे उठलेच नाही, मी कडेच्या चरात उजव्या कुशीवर पडले होते, दार आभाळाकडे करून. लाल गाडी उलट्या तोंडाने उभी होती. पिंपं फुटली होती, आणि हॅलिफॅक्सचं ऐंशी लिटर पाणी लिंकनशायरच्या मातीत मुरत होतं. दोघं चालत बाहेर आले. बेरिलचं मनगट मोडलं होतं.

पोलीस आला. त्याने विचारलं, काय झालं?

"कॅरव्हॅन जुनी होती," विल्फ म्हणाला. "सांधा कुजला असणार."

एकवीस वर्षं, मित्रांनो! मी त्याला पावसात कोरडं ठेवलं, त्याच्या घोरण्याला भिंत दिली, त्याच्या पायमोज्यांचा वास गिळला. तो शब्द ऐकून मला जी किळस आली, तिच्यापुढे या कोंबड्यांची घाण म्हणजे अत्तर.

मोडका हात छातीशी धरून बेरिल चराच्या काठावर उभी होती, आणि मी आडवी झाल्यामुळे माझी पाटी बरोबर तिच्यासमोर आली होती. तिने दुसऱ्या हाताने खिशातून चष्मा काढला.

"विल्फ, तू कुठला आकडा वाचला होतास?"

"...वरचा."

"खालचा वाच."

"बेरिल, लोक आहेत इथे."

"मोठ्याने वाच."

विल्फने वाचलं. "भरल्यावर, जास्तीत जास्त, अकराशे पन्नास." मग पोलिसाकडे न बघता म्हणाला, "लिहा. सांधा ठीक होता. गाडी मी चुकीची निवडली."

मी पुन्हा रस्त्यावर येण्याजोगी उरले नव्हते. शेजारच्या शेतकऱ्याने मला ट्रॅक्टरने ओढून कुंपणापाशी उभं केलं आणि कोंबड्या सोडल्या.

पुढच्या जूनमध्ये एक करडी, चौकोनी, बंबासारखी गाडी कुंपणापाशी थांबली. मागे माझ्यापेक्षा लहान, नवी कॅरव्हॅन होती, नाक हुकावर नीट टेकवून. गाडीच्या दारातून कुत्र्याचा जुना वास आला. देवाशपथ, मला तो चंदनासारखा वाटला.

मित्रांनो, ज्याच्यामागे आम्हाला जुंपायचं, त्याचा रंग बघू नका, उंची बघू नका, कुंपणावरच्या केनेथचं तर मुळीच ऐकू नका. आधी चष्मा लावा. दाराशेजारी वाका. आणि खालचा आकडा वाचा, कारण रिकाम्या हाताने प्रवासाला कुणी निघत नाही.

विल्फ माझ्याजवळ आला. बाहीने त्याने पाटीवरची कोंबडीची घाण पुसली, दोन्ही आकड्यांवरची. बाहीकडे बघून तोंड वाकडं केलं. तोवर बेरिलने शेतकऱ्याच्या नळाचं पाणी किटलीत भरून आणलं होतं. पिंपं या वर्षी घरीच राहिली होती. कपात करडा तवंग धरला.

विल्फ माझ्या पायरीवर बसला आणि एक मोठा घोट घेतला. त्याचा चेहरा पिळला गेला.

"कसा झालाय?" बेरिलने विचारलं.

"ओकारी येईल असा."

"मग टाकून दे."

"नको," विल्फ म्हणाला, उरलेला चहा संपवला आणि रिकामा कप पुढे केला. "अजून एक ओत."