साडेचारची झाकणी

मी एक जुनी झाकणी आहे. कोणत्या भांड्याची, असं तुम्ही विचाराल, म्हणून आधीच सांगून टाकते: सध्या कोणत्याच नाही. भांड्याला झाकणी नसली तर लोक वर ताटली ठेवून भागवतात. झाकणीला भांडं नसलं तर तिच्याखाली काय ठेवायचं, याचा विचार मात्र आजवर कुणी केलेला नाही.

मित्रांनो, माझा जन्म एका कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमचा गोल पत्रा साच्यात ठेवला, वरून एक दणका बसला आणि मी झाले. पुढे आयुष्यभर दणकेच खायचे आहेत, याची ती चुणूक होती. पण तेव्हा मी नवी होते, मला वाटलं झालं एकदाचं. मग एका कामगाराने माझ्यावर मूठ बसवली आणि मला एका मोठ्या पातेल्यावर ठेवलं. मी बरोब्बर बसले. त्या एका क्षणाबद्दल मी कुणाशीही बोलत नाही.

आम्ही दोघं ज्या घरात आलो तिथे सहा माणसं होती. पातेल्यात दूध तापायचं आणि मी वर थरथरत राहायची. त्या घरातली धाकटी मुलगी तेव्हा शाळेत जायची. पुढे ती एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर कामाला लागली. "थांबा, जोडते," हे वाक्य तिने तिथे तेहतीस वर्षं म्हटलं. भावंडं लग्न करून पांगली, वडील गेले, आणि ही सगळ्या गावाला एकमेकांशी जोडत स्वतः आईजवळ राहिली.

ज्या सकाळी आई गेली त्या सकाळी दूध गॅसवर राहिलं. पातेलं करपून त्याच्या बुडाला भोक पडलं. तिने ते मागच्या जिन्याच्या पायरीवर नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी बघते तर एक लंगडी मांजरी पातेल्यात डोकं घालून करपलेली साय खरवडत होती. ही तिथेच बघत उभी राहिली. आई गेल्यापासून घरात कुणी काही खाल्लेलं नव्हतं. खाणारं कुणी होतंच कुठे? ती आत गेली आणि भात घेऊन आली.

तिथून ती मावशी झाली. लंगडीच्या मागून आणखी दोघी आल्या, मग एक बोका आला. मावशी त्यांच्या डोळ्यांत औषध घालायची, एकेकीला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यायची, ऑपरेशन करून आणायची, टाके सुकेपर्यंत न्हाणीघरात ठेवायची आणि स्वतः शेजारणीकडे अंघोळीला जायची. मांजर ही वाघाची मावशी, आणि ही मांजरांची मावशी. तेव्हा नात्याने ही वाघाची आजी लागते, असं इमारतीचे सेक्रेटरी म्हणायचे. तोंडावर नाही म्हणायचे. वाघाच्या आजीला तोंडावर कोण बोलणार!

पातेलं भंगारात गेलं. मी मात्र राहिले. "असू दे, कशावर तरी बसेल," मावशी म्हणाली. मी कशावरच बसले नाही. एका भांड्यात मी बुडायची, दुसऱ्यावरून घसरायची. मूठही तुटली. मावशी निवृत्त झाली तेव्हा जुना टेलिफोन बोर्ड मोडीत निघाला होता. त्याची एक काळी खुंटी तिने आठवण म्हणून आणली आणि माझ्या डोक्यावर बसवली. घरात टेलिफोनही होता. तो वाजत नसे. ज्यांना हिने जोडून दिलं ते सगळे जोडलेलेच राहिले असावेत.

मग पोत्याची गोष्ट घडली. एका दुपारी कुणीतरी मागच्या अंगणात येऊन गोड आवाजात "ये ये, मने, ये बाळा" केलं आणि जवळ आलेली दोन मांजरं पोत्यात घालून नेली. त्यांत ती लंगडीही होती. मावशीने आठ दिवस शोधलं. नवव्या दिवशी तिने मला खिळ्यावरून काढलं, लोखंडी पळी घेतली आणि मागच्या पायरीवर जाऊन मला मारलं.

दोन ठोके. मग थांबा. मग एक ठोका. पुन्हा थोडं थांबा. मग तीन; त्यांतले दोन जोडून, आणि तिसरा विसरलेलं काहीतरी आठवल्यासारखा, मागून. हे ठोके पडले तरच जेवण. बाकी जगात कुणी कितीही लाडाने बोलावलं तरी ते पोतं, हे मावशीने मांजरांना दोन महिन्यांत शिकवलं. चार भांडी एकत्र आली की वाजतात म्हणतात. मी एकटी असून नऊ वर्षं वाजले. रोज दुपारी साडेचारला. अंगभर पोचे आले. पण मित्रांनो, खरं सांगते, मारातसुद्धा कुणाचा तरी हात लागतो.

या नऊ वर्षांत अकरा मांजरं जमली. त्यांत 'साहेब' नावाचा बोका होता, तो सर्वांत शेवटी येऊन सर्वांत आधी जेवायचा. आणि 'शंका' नावाची एक करडी मांजरी होती. ती भिंतीवरून उतरायची, जिन्यापासून चार हातांवर बसायची, आणि मावशी दूर गेल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकायची नाही. नऊ वर्षं मावशी रोज तिच्यासाठी वाटी ठेवून पाठ फिरवायची. पाठ फिरवून प्रेम करायचं म्हणजे सोपं काम नव्हे.

मांजरं सोडली तर आमच्या या आवाजाला जगात एकच श्रोता होता आणि तो वैरी होता. मागच्या जिन्याच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर, घड्याळं दुरुस्त करणारे काका राहायचे. एकटेच. डोळ्याला भिंग लावून सकाळभर काम करायचे आणि चार ते पाच झोपायचे. म्हणजे, झोपायचा प्रयत्न करायचे.

"अहो, साडेचार ही काय माणसाने आवाज करायची वेळ आहे?" ते खिडकीतून ओरडायचे.

"मांजरांनी ठरवलीये. तुम्ही समजावा त्यांना, माझं नाही ऐकत."

"मी अर्ज करणार!"

"करा की. पण अक्षर सुधारा तेवढं. मागचा अर्ज सेक्रेटरींनी माझ्याकडूनच वाचून घेतला."

काका दर महिन्याला अर्ज करायचे आणि त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवायचे. सेक्रेटरी तो अर्ज फायलीत घालायचे. इमारतीत सगळ्यात व्यवस्थित चाललेलं काम हेच होतं.

आणि एका दुपारी मावशी पायरीवरून पडली. उजवं मनगट मोडलं, खुब्याचं हाड मोडलं. तिला स्ट्रेचरवरून नेलं. मी पायरीवर उताणी पडून होते. मांजरं भिंतीवर बसून होती.

मावशीची भाची धावत आली. गुणाची मुलगी. दुसऱ्या दिवशी साडेचारला तिने चमच्याने भात-मासळी कालवली, मला हळुवार टकटकवलं आणि अतिशय गोड आवाजात म्हणाली, "ये मने, ये बाळा."

अकराच्या अकरा मांजरं क्षणात नाहीशी झाली. जेवण कावळ्यांनी खाल्लं.

तिसऱ्या दिवशी तिने मला जोरात बडवलं. तेही कावळ्यांनाच आवडलं. संध्याकाळी इस्पितळात मावशीने विचारलं, "जेवली का गं माझी?"

"हो मावशी, पोटभर."

"हात आण इकडे." मावशीने तिचा हात हुंगला. "ती जेवली असती तर पुन्हा पुन्हा वाट्या भरताना तुझ्या बोटांना मासळीचा वास राहिला असता. खोटं बोलू नकोस." आणि तिने समोरचं ताट सरकवून दिलं. "ती जेवतील तेव्हा मी जेवेन."

चौथ्या दिवशी भाची मला आणि पळीला पिशवीत घालून इस्पितळात घेऊन गेली. "मावशी, शिकव मला. कसं वाजवायचं?"

मावशीने पळी डाव्या हातात घेतली. ठण ठण. ठण. मग थांबली. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा थांबली. तिचा चेहरा असा झाला, जणू स्वतःच्याच घराचा पत्ता आठवत नाही. "मला काय ठाऊक बाई," ती म्हणाली, "माझ्या हाताला ठाऊक." आणि हात प्लास्टरमध्ये होता. तेवढ्यात नर्सबाई आल्या आणि म्हणाल्या, "हे इस्पितळ आहे की भांड्यांचं दुकान?" आम्ही परत आलो. मावशीचं ताट तसंच भरलेलं राहिलं.

घरी सेक्रेटरी दारातच उभे. "हे बघा ताई, मांजरं कचऱ्याचे डबे उलटतायत. लोक मला बोलतात. उद्या काही जमलं तर ठीक, नाहीतर परवा मी गाडी बोलावतो. घेऊन जातील सगळ्यांना."

पाचव्या दिवशी साडेचारला भाची पायरीवर बसून रडत रडत मला बडवत होती. वरची खिडकी धाडकन उघडली आणि काका बनियनवरच जिना उतरून खाली आले.

"काय चालवलंय काय? आज तिसऱ्यांदा चुकीचं वाजतंय!"

"सॉरी काका. त्रास होतोय ना तुम्हाला? बंद करते."

"त्रासाचं काही नाही. पण हा चुकीचा त्रास आहे. बरोबर त्रास मला पाठ आहे. आणा ती पळी."

त्यांच्या हातात अर्जांच्या प्रती होत्या. त्यांत सगळं लिहिलेलं होतं: दोन ठोके, एक सेकंद शांतता, एक ठोका, पाऊण सेकंद शांतता, दोन ठोके, आणि शेवटचा उशिरा. "हा शेवटचा बघा," काका म्हणाले. "पहिल्या वर्षी अर्ध्या सेकंदाने यायचा. आता दीड सेकंद लागतो. मला वाटायचं मुद्दाम करतात, माझी झोप लांबवायला."

मला खरं कारण माहीत होतं. शेवटच्या ठोक्याआधी मावशी वाकून वाटी ठेवायची आणि गुडघ्यावर हात देऊन उठायची. तिचा गुडघा डॉक्टरांच्या एकाही कागदात नव्हता. तो नऊ वर्षं या अर्जांत लिहिला जात होता. भाचीलाही ते उमगलं असावं, कारण ती रडायची थांबली आणि त्या कागदांकडे बघतच राहिली.

काकांनी मला हातात घेतलं. दोन ठोके. एक. दोन. मग त्यांनी डोळे मिटले, दीड सेकंद बरोबर वाट पाहिली, आणि शेवटचा मारला.

भिंतीवरून साहेब उतरला. मागोमाग बाकीची. सगळ्यांत शेवटी शंका आली आणि चार हातांवर बसली. मी मोजलं, अकरा. काका हळूच म्हणाले, "एवढ्यांसाठी मी जागा राहायचो होय!" भाचीच्या बोटांना त्या संध्याकाळी मासळीचा वास होता. मावशीने तो हुंगला आणि ताट पुढे ओढलं, हे मला भाचीकडून कळलं.

पुढे मावशी घरी आली, पण भाचीच्या घरी. ते लांब, गावाच्या दुसऱ्या टोकाला. मावशीला आता जिने बंद होते. तिचं घर रिकामं झालं आणि मी काकांच्या खिडकीशी खिळ्यावर गेले. तिथे भिंतीवर तीस-पस्तीस घड्याळं आहेत. ती वेळ दाखवतात, मी पाळते. माझ्याशी कुणी बोलत नाही. टिकटिक करणारे आपल्यातच मग्न असतात.

रोज चार वाजून एकोणतीस मिनिटांनी काकांचा मोबाइल वाजायचा. पलीकडून मावशी म्हणायची, "थांबा, जोडते." फोन तिनेच केलेला असायचा, पण सवय जात नाही. काका मोबाइल पायरीवर ठेवायचे आणि मला वाजवायचे. मग ती विचारायची, "शंका?"

"चार हातांवर."

"पाठ फिरवा."

"फिरवली."

एवढंच बोलणं. कधी काका म्हणायचे, "तुमच्यामुळे माझी झोप गेली." ती म्हणायची, "अर्ज करा." फोन मग बराच वेळ तसाच चालू असायचा. मांजरांच्या जिभेचा लपलप आवाज तिला तिकडे ऐकू जात असावा.

सात महिने असं चाललं. मग एक दिवस चार एकोणतीसला फोन वाजला नाही. साडेचार वाजले. काका पळी हातात घेऊन पायरीवर बसून राहिले. भिंतीवर मांजरं जमली. पावणेपाच झाले. ज्या माणसाने आयुष्यात सेकंदाची चूक सहन केली नाही, तो माणूस पाच वाजून एक मिनिटापर्यंत वाट बघत बसला. मग त्यांनी मोबाइल नेहमीच्या जागी पायरीवर ठेवला, तसाच, न जोडलेला, आणि मला वाजवलं. शेवटच्या ठोक्याला दीड नाही, बराच जास्त वेळ लागला.

सगळी जेवली. काका पाठ फिरवून बसले होते. शंका चार हातांवरून उठली, जिन्याशी आली, आणि त्या मुक्या मोबाइलशेजारी येऊन बसली. तिने तो हुंगला. मावशीला हे सांगायचं होतं. पण संध्याकाळी भाचीचा फोन आला: मावशी दुपारी झोपेतच गेली होती.

दुसऱ्या दिवशी काकांनी सेक्रेटरींना अर्ज दिला. "काल आवाज एकतीस मिनिटे उशिरा झाला. यापुढे असे होणार नाही." सेक्रेटरींनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि फायलीत घातला. त्या दुपारी साडेचारला ते स्वतः मागच्या पायरीपर्यंत आले आणि मांजरं जेवेपर्यंत उभे राहिले.

मित्रांनो, मी आता फार जुनी झाले आहे. मधोमध पत्रा पातळ झालाय. एक दिवस पळी आरपार जाईल. माझी तुमच्याकडे एकच विनंती आहे. तुमच्या घरामागेही कुणीतरी काहीतरी वाजवत असेल. तुम्हाला त्याचा त्रास होत असेल, तर खुशाल होऊ द्या. पण तो नीट ऐका. ठोके मोजून ठेवा, आणि शेवटच्या ठोक्याआधी किती वेळ जातो, त्याकडे लक्ष द्या. वाजवणारं माणूस एक दिवस थांबतं. भिंतीवर बसलेल्यांना ते सांगता येत नाही.