गैरहजर

ट्रॅक्टर मागं मागं येत होता आणि तोफ्या वाकून तण उपटत होता. वर बसलेला त्याचा भाऊ ओरडून ओरडून दमला. शेवटी बायकोच खुरपं टाकून धावली आणि नवऱ्याला दंडाला धरून बांधावर खेचलं.

"सोंग आहे दादाचं," दीर म्हणाला. "डॉक्टरनंच लिहिलंय ना, कान ठीक आहेत म्हणून."

"चाकाखाली आले असते म्हणजे पटलं असतं का तुला?" ती म्हणाली.

नवऱ्यानं उमेदीची वर्षं तोफखान्यात काढली आणि घरी आला तो कान तिथंच ठेवून. गावानं तोफ्या नाव पाडलं. अपंगत्वाच्या पेन्शनचा अर्ज मात्र फेटाळला गेला. का, तर माणूस विचारलेल्याची उत्तरं देतो. तो तोंडाकडे बघून शब्द ओळखतो, हे ऐकून घ्यायला कुणाला सवड नव्हती.

फेरतपासणीची तारीख आली तशी दोघं शहरातल्या कचेरीत जाऊन बसली. बाकावर बसून दुपार टळली. ती पाणी आणायला गेली आणि परत येते तर खिडकीतला कारकून फायली बांधतोय.

"आमचा नंबर कधी लागायचा?"

"लागून गेला. पुकारलं, आले नाहीत. गैरहजर लिहिलंय. आता नवीन अर्ज करा, बाई."

"अहो, ते इथंच बसलेत. तुमच्या नाकासमोर."

"मग ओ द्यायला काय झालं होतं?"

तिच्या डोक्यात तिडीक गेली. पण ती भांडत बसली नाही. नवऱ्याचं मनगट धरलं, आडव्या आलेल्या शिपायाला कोपरानं सारलं आणि डॉक्टरांच्या खोलीचं दार ढकललं. कारकून मागं धावत आला.

"साहेब, या कारकुनांना विचारा, कसं पुकारलं."

डॉक्टरांनी वर पाहिलं. कारकून घाईनं म्हणाला, "पुन्हा पुन्हा पुकारलं, साहेब. टेबलसुद्धा आपटलं. हे समोरच होते, ढिम्म हलले नाहीत."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं. तोफ्या एकेकाच्या तोंडाकडे बघत होता.

"हेच लिहा," ती म्हणाली. "आणि खाली या कारकुनांची सही घ्या. आम्ही सांगितलं की ते सोंग ठरतं."

डॉक्टरांनी लिहिलं. मग स्वतःच्या तोंडापुढं फाईल धरून तोफ्याला त्याचं नाव विचारलं, गाव विचारलं. तो फाईलकडे बघत राहिला. डॉक्टरांनी फाईल खाली ठेवली आणि मंजुरीची शिफारस लिहायला घेतली. चुकलं, असं कुणी म्हणालं नाही.

परतीच्या बसमध्ये नवऱ्यानं विचारलं, "काय म्हणाले?"

"तुम्ही खोटं बोलत नव्हता म्हणाले."

अंधारून आलं होतं, तिचं तोंड त्याला नीट दिसेना. ती त्याच्या कानाशी ओरडून बोलली. सगळी बस वळून बघायला लागली. बघेनात का. तिनं पुन्हा ओरडून सांगितलं.

"ते मला ठाऊकच होतं," तो म्हणाला.