खरवडलेला झेंडा

मित्रांनो, मी एक जुनी रुग्णवाहिका आहे. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा एका वेल्डरने माझ्या बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाला, "जा बाई, तुझ्यात कुणी मरू नये." कारखान्यातले आशीर्वाद असेच असतात, बिनागॅरंटीचे.

माझी नोकरी एका श्रीमंत, शांत देशात लागली. तिथले रस्ते गुळगुळीत होते आणि माणसे वेळेवर आजारी पडत. छातीत कळ आलेले आजोबा, शिडीवरून पडलेल्या मावशी, ताप डोक्यात गेलेली पोरे, सगळ्यांना मी नेले. सायरन वाजला की मोठमोठ्या गाड्या अंग चोरून बाजूला होत. एकदा तर सिग्नललाच माझ्या पोटात एक बाळ जन्मले. पुढे नवी, कंप्युटरच्या पडद्याबिडद्यांची गाडी आली आणि मला मागच्या आवारात लावले. गरज सरो, वैद्य मरो, दुसरे काय! चाकांतली हवा गेली, सीटखाली मांजर व्याली. मला वाईट वाटले. खोटे कशाला बोलू?

मग दूरच्या एका बलाढ्य देशाने शेजारच्या लहान देशात रणगाडे घुसवले. त्याच्या राज्यकर्त्याने साऱ्या जगाला बजावले, "कुणी मध्ये पडलात तर माझ्याकडे अणुबॉम्ब आहे." जगाच्या बैठका सुरू झाल्या. लहान देश विमाने मागत होता. आमच्या सरकारने तीव्र निषेध पाठवला. तेवढ्याने भागेना, तेव्हा अतितीव्र निषेध पाठवला. तोफा द्याव्यात, तर तो बॉम्ब टाकील. काहीच न द्यावे, तर लोक काय म्हणतील? शेवटी कुणाला तरी मी आठवले. रुग्णवाहिका दिली म्हणून कोण अणुबॉम्ब टाकतो? मला रंग दिला, दोन्ही दारांवर देशाच्या झेंड्याचे मोठे स्टिकर लावले आणि एका मंत्र्याने माझ्यासोबत फोटो काढला. वरातीमागून घोडे म्हणतात ना, ते घोडे मी. तरीही, मित्रांनो, त्या दिवशी माझी छाती फुगली होती.

लढाईच्या गावात माझा ताबा ज्याने घेतला, त्याला सगळे भोंगा म्हणत. आधी तो शाळेची बस चालवायचा आणि त्याचा आवाज दोन गल्ल्यांपलीकडे जायचा. त्याने पहिल्याच दिवशी माझ्या सायरनची वायर कापली. मग माझ्या अंगावरच्या लाल क्रॉसच्या खुणेवर चिखल फासला.

"अहो, असं काय करता?" सोबतच्या नर्सने विचारले. तिला सगळे सिस्टर म्हणत.

"सिस्टर, ही खूण दिसली की ते नेम धरतात. मागच्या दोन गाड्या अशाच गेल्या."

झेंडा मात्र तो रोज फडक्याने पुसायचा. म्हणायचा, "पाहुण्यांचा आहे. त्यांची लाज राखायला नको?"

तिथे मी जे वाहिले ते तुम्हाला सांगू नये असे वाटते. पण सांगितले नाही तर तुम्ही युद्ध म्हणजे खेळ समजाल. जबडा उडालेला माणूस मी वाहिला. एका सैनिकाचा हात त्याच्याच मांडीवर पिशवीत ठेवून नेला. तो सबंध वाटेत "आई, आई" करत होता आणि दवाखान्याच्या दाराशी गप्प झाला. माझ्या पत्र्याच्या खाचांतून रक्त खाली ठिबकत असे. सिस्टर नदीच्या पाण्याने मला धुवायची, पण वास जायचा नाही.

त्या गावाच्या मधून नदी वाहत होती. पलीकडच्या भागाला शत्रूने वेढा घातला होता, आणि तिथल्या शाळेच्या तळघरात भोंगाची बायको होती. ती त्याच शाळेत शिकवायची. एका सकाळी गोळा पडला आणि तिची मांडी फाटली. शेजारणीने फोन केला, "भाऊ, पट्टा आवळलाय, पण रक्त थांबत नाहीये. लवकर या हो."

त्याच दिवशी बऱ्याच देशांनी रदबदली करून दुपारपर्यंत गोळीबार थांबवला होता. जखमींना बाहेर काढायचे होते. भोंगाने मला अशी पिटाळली की माझ्या स्प्रिंगांचे पाटे कण्हले. पुलाच्या तोंडाशी परदेशी निरीक्षक उभे होते. त्यातला एक साहेब माझ्याच देशाचा. तो हात पसरून समोर आला.

"थांबा! दारावर आमचा झेंडा आहे. झेंडा पूल ओलांडून गेला, तर ते म्हणतील आम्ही युद्धात उतरलो."

"साहेब, गाडी रिकामी आहे. बघा ना आत."

"मला कळतंय हो. पण त्यांना निमित्तच हवंय. त्यांनी ते बटण दाबलं तर? माझ्या घरी दोन मुली आहेत."

"आणि माझी बायको त्या तळघरात आहे. तिचं रक्त चाललंय, साहेब!"

साहेबाने खिशातून चाकू काढला आणि माझे दार खरवडायला लागला. तो दुष्ट नव्हता. त्याचा घाम गोंदावर पडत होता. पण आमच्या देशाचा गोंद फार चिवट. एक दार झाले, मग दुसरे. भोंगाही नखांनी ओरबाडत होता, त्याची बोटे सोलून निघाली. तेवढ्या वेळात मी पलीकडे जाऊन परत आले असते.

अखेर आम्ही सुटलो. गोळीबार थांबला होता म्हणे. पहिल्याच वळणावर एक गोळा भिंतीत शिरला, माझी काच फुटली आणि सिस्टरचा कान चिरला. ती कानावर रुमाल दाबून तळघरात उतरली. शेजारीण जिन्यातच रडत उभी होती.

"आत्ता गेली हो, भाऊ. अंग अजून गरम आहे."

तळघर जखमींनी भरले होते. माझ्यात दोनच स्ट्रेचर. सिस्टर चाचरत म्हणाली, "वहिनींना एकावर घेऊ या का?"

भोंगाने इकडे तिकडे पाहिले. एका माणसाचे दोन्ही पाय चेचले होते. एक मुलगी पोट धरून पडली होती. मी त्याला प्रथमच हळू बोलताना ऐकले.

"जिवंत आधी." मग बायकोच्या अंगावर त्याने आपला कोट घातला. "मी परत येतो. घाबरू नकोस."

त्या दोन जखमींना घेऊन आम्ही पुलाअलीकडे सुखरूप पोहोचलो. ती मुलगी वाचली, हे मी नंतर ऐकले. भोंगाने सिस्टरला खाली उतरवले आणि मला पुन्हा पुलाकडे वळवले. साहेब धावत आला.

"दादा, वेळ संपत आलीय. मेलेल्या माणसासाठी कशाला जीव धोक्यात घालता?"

"मेलेलं माणूस नाही, साहेब. बायको आहे माझी."

साहेबाने माझ्या दारावरचा हात काढला. आम्ही पुलाच्या मध्यावर होतो तेव्हा पलीकडून गोळा आला. ठरलेली दुपार अजून व्हायची होती. माझे इंजिन फुटले, टप उडाला, पत्र्याचा एक तुकडा, माझ्याच अंगाचा, भोंगाच्या छातीत घुसला. तो स्टिअरिंगवर पडला आणि पुन्हा उठला नाही. इतकी माणसे वाहिली मी, आणि मारले ते माझ्याच सारथ्याला.

माझा रेडिओ कालपर्यंत चालू होता. जगाने या घटनेचा निषेध केला. मला पुलावरून कुणी हलवावे यावरही बैठक झाली. पुलावर पाऊल ठेवणे म्हणजे युद्धात उतरणे, असे काही देशांचे म्हणणे. गाडी आमची नाही, असे माझ्या देशाचे. दारावर झेंडा नाही, तेव्हा मी कुणाचीच नव्हते. चर्चा सकारात्मक झाली, असे निवेदक म्हणाला. मग बॅटरी संपली.

मित्रांनो, जुन्या गाड्या शेवटी विनंती करतात, आम्हाला धुवा, तेलपाणी करा, गंजू देऊ नका. माझे ते मागणे नाही. मला खुशाल भंगारात घाला. पण तुम्ही मोठे झालात आणि तुमच्या हाती असा एखादा पूल आला, तर बैठक संपायची वाट पाहू नका. भोंगा अजून माझ्या सीटवर आहे. त्याला कुणीतरी उतरवून घ्या आणि पलीकडे न्या. तो तिला येतो म्हणाला आहे.