उशिरा काळीच्या काड्या

लामाराच्या फाटकापाशी आज पुन्हा परगावच्या गाड्या उभ्या राहिल्या आणि ओतियाच्या पोटात दुखायला लागलं. मंडळी, शेजाऱ्याचं बरं झालं की आपली जेवणावरची वासना का उडते, कोण जाणे! इमेरेती या द्राक्षांच्या मुलखातल्या या माणसाचंही तेच झालं होतं.

पूर्वी या गाड्या त्याच्या दारी थांबायच्या. 'उशिरा काळी' ही द्राक्षाची जुनी गावठी जात साऱ्या खोऱ्यात त्याच्याच अंगणात उरली होती. एकच म्हातारी वेल. बाकीच्यांच्या वेली किडीने गेल्या, नाहीतर लोकांनीच उपटून बाहेरच्या जाती लावल्या. मग शेजारच्या लामाराने रोपवाटिका काढली. हरवत चाललेल्या जातींच्या काड्या गोळा करायच्या, कीड न लागणाऱ्या दुसऱ्या वेलीच्या खुंटावर कलमं बांधायची आणि रोपं गावोगाव द्यायची. पेपरात फोटो आला तो तिचा!

"ओतियाभाऊ, छाटणी झाली की उशिरा काळीच्या काड्या मला द्याल?" तिने विचारलं.

"रविवारी ये की," तो गोड हसून म्हणाला.

रविवारी ती काड्या गुंडाळायला ओलं फडकं घेऊन आली, तर अंगणात जेवणावळ! आमच्याकडे मांस भाजायचं ते द्राक्षाच्या वाळक्या काड्यांवरच. पण ओतिया त्या जाळात आजच छाटलेल्या ओल्या काड्या मूठमूठ टाकत होता. धुराने सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते.

"भाऊ, अहो, याच मी मागितल्या होत्या!" लामारा जाळाकडे धावली.

"मग? उद्या लोक म्हणतील, लामाराची काळी! नाव तुझं, फोटो तुझा, आणि मी काय तुझ्या दारच्या गाड्या मोजत बसू?"

टेबलाच्या टोकाला बसलेले नोएकाका उठले. जेवणात कुणाच्या नावाने प्यायचं ते तेच ठरवत. त्यांनी पेल्यातली थोडी वाइन भाकरीच्या तुकड्यावर ओतली. हे आम्ही गेलेल्या माणसांसाठी करतो, म्हणून सगळे मुकाट्याने उभे राहिले.

"कोण गेलं, काका?" ओतियाने घाबरून विचारलं.

"उशिरा काळी."

"काहीतरी अभद्र बोलू नका! ती बघा, जिवंत आहे!"

"खोड अर्धं पोखरलंय, हे तुझ्यापेक्षा कुणाला ठाऊक? आणि तिची लेकरं तू आगीत घालतोयस. मागे कुणीच उरणार नाही, तर आजच पिऊन घेऊ. अरे, तुझ्या आजोबांना ही वेल काय आभाळातून मिळाली? कुणाच्या तरी अंगणातून काडी मागूनच आणली ना? त्या माणसाने ती जाळली असती, तर तू कसला तोरा मिरवला असतास?"

"पण नाव लामाराचं होईल!"

"होऊ दे की! तुझं नाव सांगायला तरी वेल जगायला नको का?"

काकांनी पेला ओठांकडे नेला. आपल्याच अंगणात, आपल्याच वेलीचं सुतक!

"थांबा! कुणी पिऊ नका!" तो ओरडला. उरलेल्या काड्यांची मोळी त्याने जाळापासून ओढली आणि लामाराच्या पुढ्यात ठेवली. "घे बाई. पोळलेल्या बाजूला काढ. चुकलो मी."

"रागाने दिल्या तरी फुटतील, भाऊ," ती डोळे पुसत म्हणाली, "पण हसून दिलेल्या बऱ्या."

कलमं फुटली. पहिलं रोप गेलं ते नेमकं ओतियाचं ज्याच्याशी वाकडं होतं त्याच्याकडे. ओतियाला मत्सर वाटला, खोटं कशाला सांगू! पण "सुरुवातीला घड धरू देऊ नकोस हं, वेल थकेल," असं कुंपणावरून बजावायला गेला तोही ओतियाच.

मंडळी, एखादी जुनी गोष्ट फक्त आपल्याच घरी उरली असेल, तर मिरवण्याआधी थोडं घाबरा. ती तुमच्याबरोबर संपू शकते. शेजारीण मागायला आली, तर नाव कुणाचं होईल हे मोजत बसू नका. काडी तिच्या हातात द्या!